गेटवरच्या फौजीचा दिवस

१४ जानेवारी ही तारीख महाराष्ट्रात आधीच भरलेली आहे. बहुतेक वर्षी त्या दिवशी संक्रांत असते, सुगडं पुजली जातात, तिळगूळ वाटला जातो. १७६१ साली याच तारखेला पानिपतावर मराठ्यांची एक अख्खी पिढी कापली गेली आणि त्या आठवणीसाठी आजही इथून माणसे हरियाणातल्या काला आमपर्यंत जातात. १९९४ साली मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार झाला तोही याच दिवशी. या गर्दीत २०१६ पासून आणखी एका दिवसाची भर पडली आहे. केंद्र सरकार १४ जानेवारी हा ‘सशस्त्र दल माजी सैनिक दिन’ म्हणून पाळते. दिल्लीत कार्यक्रम होतो, पुण्यात घोरपडीच्या युद्धस्मारकावर दक्षिण कमांडचे अधिकारी पुष्पचक्र वाहतात, माजी सैनिकांचे मेळावे भरतात. त्याच दिवशी भोसरीच्या, तळवड्याच्या, चाकणच्या कारखान्यांत मात्र पहिली पाळी नेहमीसारखी सुरू होते आणि गेटवर उभा असलेला निवृत्त हवालदार नेहमीसारखाच गाड्यांचे नंबर वहीत उतरवत राहतो.

तारीख निवडण्यामागे कारण आहे. जनरल करिअप्पा १५ जानेवारी १९४९ रोजी भारताचे पहिले भारतीय सरसेनापती झाले, म्हणून तो लष्कर दिन. १४ जानेवारी १९५३ रोजी ते निवृत्त झाले, म्हणून हा माजी सैनिक दिन. निवृत्तीनंतरची चार दशके त्यांनी मोठा वेळ माजी सैनिकांच्या प्रश्नांना दिला. १९६४ साली उभ्या राहिलेल्या ‘इंडियन एक्स-सर्व्हिसेस लीग’ या देशव्यापी संघटनेमागे त्यांचाच पुढाकार होता. फील्ड मार्शलचा हुद्दा त्यांना मिळाला तो १९८६ साली, निवृत्तीनंतर ३३ वर्षांनी. वर्दी उतरवल्यावरही सैनिकाचे देशाशी नाते संपत नाही, हे सांगायला त्यांच्या निवृत्तीच्या तारखेइतकी योग्य तारीख दुसरी सापडली नसती.

आपल्याकडे सैनिकांचे दिवस कमी नाहीत. ७ डिसेंबरचा सशस्त्र सेना ध्वजदिन १९४९ पासून चालत आलेला आहे. १६ डिसेंबरचा विजय दिवस १९७१ च्या युद्धाचा, ढाक्यात सुमारे ९३ हजार पाकिस्तानी सैनिकांनी शस्त्रे खाली ठेवली त्याचा. २६ जुलैचा कारगिल विजय दिवस त्या लढाईत पडलेल्या ५२७ जवानांचा. नौदलाचा ४ डिसेंबर, वायुदलाचा ८ ऑक्टोबर, पायदळाचा २७ ऑक्टोबर. ३० जानेवारीला सकाळी ११ वाजता हुतात्म्यांसाठी देशभर दोन मिनिटे स्तब्धता पाळावी आणि जिथे भोंगा असेल तिथे त्याची इशारत द्यावी, असे गृह खात्याचे परिपत्रकच दरवर्षी निघते. चाकणहून नाशिकच्या दिशेने निघाले की थोड्याच अंतरावर राजगुरुनगर लागते. तिथे २३ मार्चला हुतात्मा राजगुरूंची आठवण जागवली जाते. पण हे सगळे दिवस एक तर विजयाचे आहेत, नाही तर बलिदानाचे, नाही तर एखाद्या दलाचे. लढून परत आलेल्या, आता साठीत किंवा चाळिशीत आपल्या शेजारी राहणाऱ्या माणसाचा दिवस एवढा एकच, १४ जानेवारी. त्यामुळे तो कसा पाळायचा, हा प्रश्न उत्सवापुरता राहत नाही.

आणि तो प्रश्न पिंपरी-चिंचवड ते चाकणच्या या औद्योगिक पट्ट्यात जितका थेट समोर येतो तितका क्वचितच कुठे येत असेल. खडकीला बॉम्बे सॅपर्सचे केंद्र आणि १८६९ पासूनचा दारूगोळा कारखाना, दापोडीला लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालय, देहूरोडला आयुध भांडार आणि छावणी, पुढे लोणावळ्याला नौदलाचे आयएनएस शिवाजी. सैन्याच्या या साखळीच्या मधोमध पिंपरी-चिंचवड वसले आणि वाढले. मावळ, खेड, आंबेगाव, जुन्नर, शिरूर या तालुक्यांतून पोरे भरतीला जातात. सातारा, सांगली, नगर, कोल्हापूरकडचे जवान नोकरीत असतानाच इथे एखादी गुंठेवारीची जागा घेऊन ठेवतात. निवृत्तीनंतर मिलिटरी हॉस्पिटल जवळ हवे, कँटीन जवळ हवे, मुलांना कॉलेज हवे आणि आपल्याला दुसरी नोकरी हवी. हे सारे ज्या मोजक्या ठिकाणी एकत्र मिळते, त्यातले हे एक.

दुसरी नोकरी हाच सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. शहरातल्या माणसाच्या मनात निवृत्त म्हटले की साठीचा गृहस्थ उभा राहतो. शिपाई हुद्द्यावरचा जवान मात्र पस्तिशी-चाळिशीतच बाहेर पडतो. सैन्य तरुण राहावे म्हणून ही व्यवस्था आहे आणि तिची किंमत तो जवान व त्याचे घर मोजते. मुले शाळेत असतात, घराचे हप्ते सुरू असतात, आईवडील थकलेले असतात. दरवर्षी देशात सुमारे ६० हजार सैनिक अशा रीतीने नागरी आयुष्यात येतात. त्यांच्यापैकी जे या पट्ट्यात येतात त्यांच्यासमोर सगळ्यात सहज उघडणारे दार म्हणजे सुरक्षा रक्षकाची नोकरी. खासगी सुरक्षा संस्थांच्या २००५ च्या कायद्यातही भरती करताना माजी सैनिकांना प्राधान्य देता येईल असे म्हटले आहे. त्यामुळे महाळुंगे, खराबवाडी, निघोजे, कुरुळीच्या गेटवर ‘फौजी’ भेटतोच. कामगार त्याला ‘सुभेदारसाहेब’ म्हणतात, तोही हुद्दा राखून वागतो. शिस्त, वेळ आणि इमान यांसाठी मालक त्यालाच पसंती देतात.

त्या नोकरीत कमीपणा काहीच नाही. खंत वेगळी आहे. लष्कराची यंत्रे आणि वाहने दुरुस्त करणाऱ्या ईएमई शाखेत पंधरा-सतरा वर्षे काढलेला जवान रणगाड्याचे इंजिन उघडून बसवतो, बर्फात अडकलेला ट्रक चालू करतो. सिग्नल्सचा जवान संदेशयंत्रणा उभी करतो, सॅपर पूल बांधतो. अशी माणसे ज्या पट्ट्यात येतात तिथे टाटा मोटर्स, बजाज, महिंद्र, मर्सिडीज-बेंझ, फोक्सवॅगन आणि त्यांना सुटे भाग पुरवणारे असंख्य लहान-मोठे कारखाने आहेत. इंजिन जाणणारा माणूस इंजिनाच्या कारखान्यात येतो आणि गेटवरच थांबतो. त्याच्या डिस्चार्ज बुकात, म्हणजे सेवामुक्तीच्या पुस्तिकेत, नोंदलेला ट्रेड आणि कंपनीच्या भरती विभागाला कळणारी पात्रता यांची सांगड घालणारे कोणी मध्ये नसते. शासकीय भरतीसाठी तरी दहावी उत्तीर्ण आणि पंधरा वर्षे सेवा झालेल्या जवानाला गट क च्या पदांकरिता पदवीधरासारखे मानण्याची सोय आहे. खासगी कारखान्याच्या अर्जात तो रकानाच नसतो.

या मातीला परतलेल्या सैनिकाचा मान राखणे नवीन नाही. चाकणचा संग्रामदुर्ग आज वस्तीत हरवल्यासारखा आहे, पण १६६० साली शाएस्तेखानाच्या प्रचंड फौजेला या भुईकोटाने जवळजवळ दोन महिने रोखून धरले. किल्लेदार होते फिरंगोजी नरसाळा, हाताशी तीन-साडेतीनशे माणसे. सुरुंगाने बुरूज उडाला, किल्ला द्यावा लागला. खानाने चाकरीचे आमिष दाखवले. फिरंगोजींनी ते नाकारले आणि ते शिवाजी महाराजांकडे परतले. किल्ला गमावून आलेल्या या माणसाकडे पुढे भूपाळगडाची किल्लेदारी आली. हरलेल्या पण झुंजलेल्या सैनिकाला पुन्हा जबाबदारीची जागा देणे, यापेक्षा मोठा सन्मान कोणता? चाकणमध्ये कारखाना चालवणाऱ्या प्रत्येकाने ही गोष्ट एकदा तरी आपल्या माणसांना सांगावी, इतकी ती या जागेची आहे.

पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला वडगाव मावळ. जानेवारी १७७९ मध्ये मुंबईहून पुण्यावर चालून आलेल्या इंग्रज फौजेला महादजी शिंदे आणि पेशव्यांच्या सैन्याने इथे कोंडले आणि तह करायला भाग पाडले. तिथे विजयस्तंभ आहे. त्याच लढाईत कार्ल्याजवळ मारला गेलेला कॅप्टन जेम्स स्टुअर्ट हा शत्रूचा अधिकारी. त्याच्या धडाडीवर खूश होऊन मराठ्यांनी त्याला ‘इष्टुर फाकडा’ म्हटले आणि वडगावात त्याची समाधी आजही जपलेली आहे. शत्रूच्या शौर्यालाही दाद देणारा हा मोकळेपणा आजच्या स्मरणात उतरला तर आपले दिवस अधिक श्रीमंत होतील.

तिसरी जागा भीमा नदीकाठी, पेरणे फाट्यावर. १ जानेवारी १८१८ च्या कोरेगावच्या लढाईनंतर कंपनी सरकारने उभारलेल्या स्तंभावर पडलेल्या ४९ जणांची नावे आहेत आणि त्यातली २२ महार सैनिकांची आहेत. पुढे १८९० च्या दशकात महारांची सैन्यभरती बंद झाली तेव्हा निवृत्त सैनिकांनीच आवाज उठवला. गोपाळबाबा वलंगकर हे स्वतः पेन्शनर. त्यांनी आणि नंतर पुण्याच्या शिवराम जानबा कांबळे यांनी सरकारकडे अर्ज केले, आमच्या वाडवडिलांनी बजावलेली चाकरी आठवा म्हणून सांगितले. सुभेदार रामजी सकपाळांचे चिरंजीव डॉ. आंबेडकर १ जानेवारी १९२७ रोजी या स्तंभापाशी आले आणि त्यानंतर दरवर्षी तिथे लोटणारा जनसमुदाय वाढतच गेला. १ ऑक्टोबर १९४१ रोजी महार रेजिमेंट उभी राहिली तेव्हा तिच्या पहिल्या टोपीचिन्हावर हाच स्तंभ होता. कोणत्याही सरकारने परिपत्रक न काढता लोकांनी स्वतः रुजवलेला सैनिकस्मरणाचा दिवस शोधायचा असेल तर तो इथे, चाकणपासून तासाभराच्या अंतरावर आहे. त्यातून शिकण्याची गोष्ट अशी की तिथे स्मरण आणि हक्क कधी वेगळे झाले नाहीत. माणसे फुले वाहायला आली आणि त्याच वेळी आपली जागा मागायलाही आली.

दगडात कोरलेल्या स्मरणाच्या बाबतीत पुणे परिसर भाग्यवान म्हणावा लागेल. खडकीच्या युद्ध दफनभूमीत दुसऱ्या महायुद्धातल्या १,६६८ सैनिकांच्या कबरी आहेत. शेजारच्या स्मारकावर पहिल्या महायुद्धाच्या काळात भारतात मरण पावलेल्या १,८०० हून अधिक जणांची नावे आहेत. हिरवळ कातरलेली, दगड स्वच्छ, प्रत्येक नाव वाचता येईल असे. शंभर वर्षांपूर्वी मेलेल्या परक्या शिपायाच्या नावाची इतकी निगा राखता येते, हे तिथे जाऊन पाहण्यासारखे आहे. घोरपडीचे राष्ट्रीय युद्धस्मारक १९९८ साली उभे राहिले ते नागरिकांच्या वर्गणीतून. स्वातंत्र्यानंतर पडलेल्या सैनिकांची नावे तिथे आहेत, मिग-२३ विमान आहे, शाळांच्या सहली येतात. दिल्लीतले राष्ट्रीय युद्धस्मारक त्यानंतर वीस वर्षांनी, फेब्रुवारी २०१९ मध्ये झाले. पुणेकरांनी सरकारची वाट पाहिली नाही, ही गोष्ट अभिमानाने सांगावी अशीच. २०२३ च्या ‘मेरी माटी, मेरा देश’ मोहिमेत गावोगावी वीरांच्या नावाचे शिलाफलक लागले, त्यामुळे आता ग्रामपंचायतीच्या दारातही नावे आली आहेत.

पुण्याबाहेरही हे स्मरण जिवंत आहे. साताऱ्याच्या अपशिंगे मिलिटरी गावाने पहिल्या महायुद्धात ४६ माणसे गमावली आणि आजही त्या गावात घरटी सैनिक आहे. कराडला गेली पंचवीसेक वर्षे निवृत्त कर्नल संभाजी पाटील यांच्या पुढाकाराने सुरू झालेला विजय दिवस समारोह भरतो. लष्कराची प्रात्यक्षिके पाहायला अख्खा तालुका लोटतो आणि १९७१ चे सैनिक पाहुण्यांच्या रांगेत बसलेले असतात. माणगावच्या यशवंत घाडगे यांची गोष्ट तर इटलीपर्यंत पोचते. १० जुलै १९४४ रोजी तिथल्या टायबर नदीच्या खोऱ्यात मशीनगनचा मोर्चा एकट्याने घेताना ते पडले, त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. मोंतोने या छोट्या इटालियन गावाने जुलै २०२३ मध्ये त्यांच्या नावाने एक छायाघड्याळ उभारले. त्यावरच्या लॅटिन ओळीचा भाव असा की आपण सगळे एकाच सूर्याखाली राहतो. रायगड जिल्ह्यातल्या शेतकऱ्याच्या मुलाची आठवण परक्या देशातले गाव एकोणऐंशी वर्षांनी जागवते, हे वाचून ऊर भरून येतो.

गेलेल्यांना आपण असे बऱ्यापैकी सांभाळतो. राहिलेल्यांचे काय?

सेकंड लेफ्टनंट राम राघोबा राणे हे बॉम्बे सॅपर्सचे, म्हणजे खडकीच्या घराण्याचे. एप्रिल १९४८ मध्ये नौशेराहून राजौरीकडे जाणाऱ्या रस्त्यावर सुरुंग आणि तोडून टाकलेली झाडे हटवत त्यांनी रणगाड्यांना वाट करून दिली. जखमी असूनही ते सलग काम करत राहिले, चालत्या रणगाड्याच्या पोटाखालून सरपटत पुढचे सुरुंग पाहत गेले. परमवीर चक्र हयातीत मिळालेले ते पहिले. त्यानंतर ते ४६ वर्षे जगले, १९६८ मध्ये मेजर म्हणून निवृत्त झाले आणि १९९४ साली पुण्यात त्यांचे निधन झाले. त्यांच्या नावाचे तेलवाहू जहाज झाले, २०२३ मध्ये अंदमानातल्या एका बेटाला त्यांचे नाव मिळाले. पण निवृत्तीनंतरची २६ वर्षे, जेव्हा ते बोलू शकत होते, शाळेतल्या मुलांसमोर उभे राहू शकत होते, त्या वर्षांत माजी सैनिकांसाठी असा एक राष्ट्रीय दिवसच नव्हता.

मुरलीकांत पेटकर यांच्या बाबतीत उशिरा का होईना, दखल घेतली गेली. सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचा हा मुलगा लष्करात ईएमईमध्ये कारागीर आणि मुष्टियोद्धा होता. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखालचे शरीर निकामी झाले. उपचार म्हणून पाण्यात उतरवले, त्यातून जलतरणपटू घडला. क्रिकेटपटू विजय मर्चंट यांच्या संस्थेने मदतीचा हात दिला आणि १९७२ साली हायडलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलमध्ये पेटकरांनी विश्वविक्रमासह सुवर्णपदक मिळवले. भारताचे पॅरालिंपिकमधले ते पहिले सुवर्ण. नंतर त्यांनी टेल्कोत नोकरी केली, म्हणजे कारखान्यानेच त्यांना उभे केले. पद्मश्री २०१८ मध्ये आली. ‘चंदू चॅम्पियन’ हा चित्रपट जून २०२४ मध्ये लागला आणि जीवनगौरव म्हणून अर्जुन पुरस्कार राष्ट्रपती भवनात जानेवारी २०२५ मध्ये त्यांच्या हाती पडला, वयाच्या ऐंशीनंतर. सुवर्णपदकापासून त्या पुरस्कारापर्यंत ५२ वर्षे गेली. एका माणसाची एवढी दखल घ्यायला चित्रपट यावा लागला, तर ज्यांच्यावर चित्रपट निघणार नाही अशा हजारोंसाठी दुसरी वाट हवी.

ती वाट खडकीत शंभर वर्षांपासून आहे. अपंग सैनिकांना हातचे काम शिकवणारी क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट १९१७ साली, पहिले महायुद्ध चालू असतानाच स्थापन झाली. एक पाय गेलेल्या, एक डोळा गेलेल्या जवानाला नोकरीलायक हुनर देणे हे तिचे काम. १९७४ मध्ये सुरू झालेले पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र पाठीच्या कण्याला इजा होऊन लुळे पडलेल्या सैनिकांचे घरच आहे. तिथले जवान चाकाच्या खुर्चीवरून बास्केटबॉल खेळतात, काही जण तोंडात कुंचला धरून चित्रे काढतात, संगणकावर काम करतात. इंग्लंडमध्ये नोव्हेंबरमध्ये छातीवर लावली जाणारी कागदी पॉपी फुले १९२२ पासून अपंग माजी सैनिकांच्याच कारखान्यात बनत आली. स्मरणाचे चिन्ह आणि सैनिकाचा रोजगार तिथे एकत्र आला. खडकी आणि चाकण यांच्यात चाळीस किलोमीटरही अंतर नाही. इथल्या कारखान्यांनी ठरवले तर अशी जोडणी इथेही होऊ शकते.

सरकारी यंत्रणा कागदावर बरीच मोठी आहे. राज्याचा सैनिक कल्याण विभाग पुण्यात, त्याखाली प्रत्येक जिल्ह्याचे कार्यालय, ज्याला जवान अजून ‘सैनिक बोर्ड’च म्हणतात. सैनिकांच्या मुलामुलींसाठी वसतिगृहे. माजी सैनिकांना सुरक्षा व इतर कामे मिळवून देणारे ‘मेस्को’ महामंडळ २००२ पासून. राज्याच्या नोकरभरतीत १५ टक्के समांतर आरक्षण, केंद्राच्या गट क मध्ये १० आणि गट ड मध्ये २० टक्के. घरपट्टी व मालमत्ता करात सवलत देणारी २०२० ची योजना. दुसऱ्या महायुद्धातल्या ज्या सैनिकांना पेन्शनच नव्हती त्यांना आणि त्यांच्या विधवांना मासिक अनुदान. ‘एक हुद्दा, एक पेन्शन’ १ जुलै २०१४ पासून लागू. ध्वजदिनाची वर्गणी जिल्हाधिकारी कार्यालयामार्फत गोळा होते आणि शिष्यवृत्ती, विवाह व आजारपणाच्या मदतीला जाते.

तरीही आरक्षित जागा प्रत्यक्षात पूर्ण भरत नाहीत आणि सवलती ज्यांच्यासाठी आहेत त्यांच्यापर्यंत पोचेपर्यंत दमछाक होते. अडचणी क्षुल्लक वाटतात, पण त्या घरात बसलेल्यांसाठी त्या डोंगराएवढ्या असतात. पेन्शन ‘स्पर्श’ या संगणकीय प्रणालीवर गेली, हयातीचा दाखला ऑनलाइन द्यायचा, मोबाइल नंबर बदललेला. भरतीच्या वेळी क्लार्कने नाव एक लिहिले, आधार कार्डावर दुसरे. लग्नाची नोंद लष्कराच्या दफ्तरात, पार्ट टू ऑर्डरमध्ये, झालीच नाही आणि हे कळते ते जवान गेल्यावर. लढाईत पडलेल्याच्या पत्नीला शेवटच्या पगाराइतके उदारीकृत कुटुंबनिवृत्तिवेतन मिळते. साध्या आजाराने गेलेल्या पेन्शनरच्या पत्नीला मिळणारी रक्कम साधारण ३० टक्क्यांवर येते. त्या ३० टक्क्यांसाठीही जिल्ह्याच्या ठिकाणी खेटे घालावे लागतात. सभागृहात वीरपत्नीला साडी-चोळी आणि श्रीफळ देऊन सत्कार होतो, टाळ्या होतात, फोटो निघतो. तो सत्कार मनापासून असतो. पण तिच्या पिशवीतल्या अर्जाकडे त्या दिवशी कोणी पाहिले तर सत्कार पूर्ण होईल.

दिवस कसा ठरतो आणि कसा टिकतो, यावर जगाचा अनुभव उपयोगी आहे. ११ नोव्हेंबर १९१८ रोजी पहिले महायुद्ध थांबले, पुढच्या वर्षीपासून दोन मिनिटांची स्तब्धता सुरू झाली. अमेरिकेने १९५४ साली त्याच तारखेचे रूपांतर सगळ्या माजी सैनिकांच्या दिवसात केले. मेलेल्यांसाठी मे महिन्यातला दिवस वेगळा ठेवला. ही विभागणी शहाणपणाची होती. नंतर लोकांना जोडून सुट्टी मिळावी म्हणून १९७१ पासून तो दिवस ऑक्टोबरातल्या सोमवारी नेला. माजी सैनिकांनी आणि राज्यांनी तक्रार केली, दिवसाचा अर्थच सुटला म्हणाले, आणि १९७८ मध्ये तो पुन्हा ११ नोव्हेंबरला आणावा लागला. आपल्याकडे १४ जानेवारीला राष्ट्रीय सुट्टी द्यावी अशी मागणी अधूनमधून ऐकू येते, तेव्हा हे आठवावे. सुट्टी मिळाली की संक्रांतीला जोडून लोक गावी जातील आणि गेटवरचा फौजी त्या दिवशीही ड्युटीवरच असेल. हा दिवस कामाचाच राहावा आणि कामाच्या जागीच पाळला जावा.

गावांनी याचा एक नमुना आपल्या परीने घालून दिला आहे. अलीकडे जवान सेवा पूर्ण करून परतला की गाव वेशीवर जमते, उघड्या जीपमधून मिरवणूक निघते, हलगी वाजते, सुवासिनी ओवाळतात. पूर्वी फक्त तिरंग्यात गुंडाळून येणाऱ्याची मिरवणूक निघे. आता जिवंत परतलेल्याचीही निघते. हा बदल फार मोलाचा आहे. त्या मिरवणुकीच्या दुसऱ्या दिवशी तो नोकरी शोधायला भोसरीला किंवा चाकणला येतो. गावाने सुरू केलेला सन्मान औद्योगिक पट्ट्याने पुढे न्यायचा आहे.

हे घाईचे आहे, कारण नवी लाट येते आहे. जून २०२२ मध्ये जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेत चार वर्षांची सेवा आहे आणि जास्तीत जास्त २५ टक्के अग्निवीर पुढे कायम होतात. पहिल्या तुकड्यांची चार वर्षे २०२६ च्या अखेरीस आणि २०२७ मध्ये पूर्ण होतात. एकवीस ते पंचवीस वयाची, कडक प्रशिक्षण घेतलेली, हाती सुमारे पावणेबारा लाखांचा सेवानिधी असलेली पण पेन्शन आणि माजी सैनिकाचा नेहमीचा दर्जा नसलेली मुले मोठ्या संख्येने बाहेर येतील. योजना जाहीर झाली तेव्हाच आनंद महिंद्र यांनी आपला उद्योगसमूह अग्निवीरांना घेण्यास तयार असल्याचे सांगितले होते आणि त्या समूहाचा मोठा कारखाना चाकणलाच आहे. इतर कंपन्यांनी आपली तयारी आतापासून जाहीर करावी. या मुलांनाही गेटवरच थांबवायचे का, याचे उत्तर कागदावर पडलेले बरे.

पैशाचा प्रश्न अडसर होऊ नये. कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत सामाजिक दायित्वाच्या कामांमध्ये माजी सैनिक, युद्धविधवा आणि त्यांच्यावर अवलंबून असणारे यांच्यासाठीचे उपक्रम स्पष्ट शब्दांत लिहिले आहेत. म्हणजे नफ्यातले जे दोन टक्के मोठ्या कंपन्यांना खर्च करायचेच आहेत, त्यातून खडकीच्या केंद्रातल्या जवानाला यंत्र घेता येते, वीरपत्नीच्या मुलीची फी भरता येते, ईएमईच्या हवालदाराला रोबोटिक वेल्डिंगचा सहा महिन्यांचा अभ्यासक्रम देता येतो.

तेव्हा येत्या १४ जानेवारीसाठी या पट्ट्यातल्या कारखानदारांकडे, कामगार संघटनांकडे आणि महापालिकेकडे साधे मागणे आहे. सकाळच्या पाळीला आपल्याकडे काम करणाऱ्या प्रत्येक माजी सैनिकाचे नाव, रेजिमेंट आणि सेवेची वर्षे सगळ्यांसमोर वाचा. गेटवरच्या ठेकेदाराच्या माणसाचे नावही त्यात असू द्या. भरती विभागाने त्या दिवशी त्याचे डिस्चार्ज बुक उघडून त्याला कोणता ट्रेड येतो हे लिहून घ्यावे आणि वर्षभरात निदान काहींना शॉप फ्लोअरवर जागा द्यावी. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाने तो आठवडा पिंपरीत आणि चाकणला टेबल टाकून बसावे, म्हणजे स्पर्शचे दाखले, नावातल्या दुरुस्त्या आणि कुटुंबनिवृत्तिवेतनाचे अर्ज जागेवर निकालात निघतील. शाळांनी संक्रांतीच्या तिळगुळाला शेजारच्या फौजीला बोलवावे आणि मुलांना त्याच्याशी बोलू द्यावे. यातल्या एकाही गोष्टीसाठी नवा कायदा लागत नाही.